विंचचं वायरिंग: करंट पोचलाही पाहिजे आणि तोडताही आला पाहिजे

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारं मोटर आणि ड्रमचं यंत्र, निवडताना सगळी चर्चा ओढायच्या ताकदीवर होते. किती पौंडांची, दोरी पोलादी की सिंथेटिक, पाण्यात बुडाली तर चालेल का. वायरिंगची पाळी आली की मात्र खोक्यातली लाल आणि काळी केबल बॅटरीला लावायची, रिमोटचं बटण दाबायचं, ड्रम फिरला की काम झालं, एवढ्यावर विषय मिटतो. अडचण अशी, की रिकामा ड्रम फिरवायला साधारण ६० ते ८० अँपिअर पुरतात आणि तेवढा करंट कसल्याही जोडणीतून जातो. गाडी अ‍ॅक्सलपर्यंत चिखलात बसते तेव्हा ९५०० पौंडांची, म्हणजे साधारण ४३०० किलोची, १२ व्होल्टची विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास करंट मागते. स्टार्टर मोटरही शेकडो अँपिअर घेते, पण दोन-चार सेकंद. विंच मिनिटभर घेत राहते.

म्हणून वायरिंग करताना दोनच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावेत. हा करंट वाटेत न अडता मोटरपर्यंत जाऊन परत येतोय का? आणि काही बिनसलं तर तो एका हाताने, तिथल्या तिथे तोडता येतोय का?

हत्यारं काढण्याआधी

विंचसोबत आलेली पुस्तिका आधी वाचा. हे सगळेच सांगतात आणि बहुतेक जण वाचत नाहीत, पण इथे त्याला कारण आहे. मोटर सीरिज वाउंड (चुंबकक्षेत्र तारेच्या वेढ्यांनी, म्हणजे फील्डने, बनवणारी) आहे की पर्मनंट मॅग्नेट (कायमच्या चुंबकाची), यावर जोडणी बदलते. सीरिज वाउंड मोटरला ए, एफ१ आणि एफ२ असे तीन खुणांचे खिळे (केबल नटाने आवळायचे आट्याचे टर्मिनल) असतात, शिवाय अर्थिंगचा एक. दिशा बदलताना फील्डमधला करंट उलटवला जातो. पर्मनंट मॅग्नेटच्या मोटरला दोनच जोडण्या असतात. एकीचा कंट्रोल बॉक्स, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट चालू-बंद करणारा डबा, दुसरीला चालत नाही.

नंतर गाडी बघा. २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचीच विंच हवी. तिथे दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्टची विंच चालवली की ती एकटी रिकामी होते, मग चार्जिंगच्या वेळी दुसरी ओव्हरचार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी छोटी असते आणि तिचं चार्जिंग डीसी कन्व्हर्टर करतो. ती विंचसाठी बनलेलीच नसते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. विंचची काळी केबल थेट बॅटरीच्या पोस्टला (टर्मिनलच्या खुंटाला) लावली की सेन्सरला तो करंट दिसतच नाही आणि बॅटरी किती रिकामी झाली याचा गाडीचा हिशोब चुकतो. बाहेरून लावलेल्या उपकरणाची निगेटिव्ह कुठे घ्यायची, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा. पॉझिटिव्ह बाजूलाही असाच एक सापळा आहे. काही गाड्यांत पोस्टवरच प्लॅस्टिकचा फ्यूज बॉक्स चढवलेला असतो. विंचची केबल त्यातल्या फ्यूजच्या पलीकडे जोडली, तर पहिल्याच जोरदार ओढीत तो उडेल आणि गाडीचं निम्मं इलेक्ट्रिकल बंद पडेल. केबल पोस्टच्या बाजूलाच यायला हवी.

बॅटरीकडून काय अपेक्षा ठेवायची

मोठा ऑल्टरनेटर बसवला की विंच त्यावर चालेल, असा एक समज आहे. ऑल्टरनेटर साधारण १०० अँपिअरचा धरा. त्यातला काही भाग गाडीचे पंखे, पंप, दिवे घेतात. विंचला हवेत ४००. म्हणजे ओढताना मुख्य पुरवठा बॅटरीचाच, ऑल्टरनेटर फक्त हातभार लावतो. एक मिनिट ४०० अँपिअर म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर-तास. ते भरून यायला इंजिन चालू ठेवून निदान चार-पाच मिनिटं थांबावं लागतं, तेही ऑल्टरनेटरचा बहुतेक करंट बॅटरीलाच मिळाला तर.

म्हणून बॅटरी निवडताना अँपिअर-तासांइतकाच कोल्ड क्रँकिंग अँपिअरचा आकडा पाहा. एका दमात किती करंट देता येईल, ते तोच सांगतो. कॅम्पिंगचा फ्रिज चालवायला घेतलेली डीप सायकल बॅटरी (थोडा करंट बराच वेळ देणारी) या कामाला तितकी बरी नाही. लिथियम बॅटरीत तर आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) ठरलेल्या मर्यादेवर पुरवठाच तोडतो. ती मर्यादा १०० किंवा २०० अँपिअर असेल, तर गाडी अर्ध्या वाटेवर आली असताना विंच गप्प होईल. दोन बॅटऱ्या असतील तर विंच स्टार्टरच्या बॅटरीवर ठेवा. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या चार्जिंग रिलेवर १४० अँपिअर वगैरे लिहिलेलं असतं. विंचचा करंट त्यातून न्यायचा नसतो.

केबल किती जाड

इथे थोडं गणित करायला हवं. तांब्याची १ चौरस मिमी जाडीची, १ मीटर लांबीची तार साधारण ०.०१७ ओहम अडथळा देते. जाडीने भागा, लांबीने गुणा, झालं. मात्र लांबी जाऊन-येऊन धरायची. बॅटरीपासून विंचपर्यंत वळणं घेत २ मीटर लागत असतील, तर हिशोबात ४ मीटर.

या ४ मीटरवर ४०० अँपिअरला २५ चौरस मिमीची केबल सुमारे १.१ व्होल्ट खाते, ३५ ची ०.८ आणि ५० ची ०.५५. व्होल्टचा हा भाग उष्णता होऊन जातो. २५ च्या केबलमध्ये ४४० वॅट, ५० च्या केबलमध्ये साधारण २२०. विंच पुढच्या बंपरवर आणि बॅटरी बॉनेटखाली असेल तर ३५ चौरस मिमीच्या खाली जाऊ नये, ५० घ्यावी, असं माझं मत आहे. विंच मागे असेल तर एका बाजूची लांबी सहज ५ मीटर होते. तिथे ३५ ची केबल जवळजवळ २ व्होल्ट गिळते. अशा वेळी ७० किंवा ९५ शिवाय पर्याय नाही. विंचसोबत आलेल्या केबलला मधे जोड देऊन ती लांबवू नका, सलग नवी केबल घ्या.

व्होल्टेज पडलं तर बिघडतं काय? भार तोच असेल तर सीरिज मोटर करंट साधारण तेवढाच घेते, फक्त हळू फिरते. म्हणजे तेवढंच अंतर ओढायला वेळ जास्त लागतो आणि तितका जास्त वेळ मोटर, केबल आणि बॅटरी तापत राहतात. दुसरा परिणाम जास्त वाईट. कंट्रोल बॉक्समधल्या कॉन्टॅक्टरची (चुंबकाने चालणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइलसुद्धा त्याच व्होल्टेजवर जगते. ते फार खाली गेलं की कॉन्टॅक्ट धरून ठेवता येत नाहीत, ते तडतडत उघडझाप करतात, प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि कधीतरी दोन्ही पृष्ठभाग वेल्ड होऊन चिकटतात. मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते.

केबल घेताना एक टोक सोलून तार नखाने किंवा पात्याने खरवडून बघा. वर तांबूस आणि आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरते, त्यामुळे वरचं सगळं गणित कोसळतं. हातात घेतल्यावर ती संशयास्पद हलकी लागते. वेल्डिंगची केबल विंचसाठी चांगली, कारण तिच्यात बारीक तारा भरपूर असतात, ती सहज वळते आणि तिचं रबर तेल-उष्णता सोसतं. पण वेल्डिंगच्या केबलीही अ‍ॅल्युमिनियमच्या मिळतात, तेव्हा खरवडून बघणं चुकवू नका.

निगेटिव्हचा मार्ग

काळी केबल जवळच्या चासीच्या बोल्टला लावून मोकळं होण्याचा मोह आवरा. चासी जाड असते, करंट वाहूनही नेते, पण बॅटरी ते चासी आणि इंजिन ते चासी या पट्ट्या विंचच्या ४०० अँपिअरचा विचार करून बसवलेल्या नसतात. त्यातली एखादी गंजलेली असेल तर करंट दुसरी वाट शोधतो. क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची धातूची केबल, एखाद्या सेन्सरची बारीक अर्थिंग. म्हणून विंचच्या निगेटिव्हची केबल पॉझिटिव्हइतकीच जाड आणि सलग बॅटरीपर्यंत. सेन्सर असेल तर गाडीच्या पुस्तिकेने दाखवलेल्या जागेपर्यंत.

बहुतेक विंचमध्ये मोटरची निगेटिव्ह तिच्या बॉडीलाही जोडलेली असते. त्यामुळे मुख्य काळी केबल सैल झाली तरी विंच बंद पडत नाही, करंट बंपरच्या बोल्टांतून चासीत जातो आणि काम चालू असल्यासारखं दिसतं. हे फसवं आहे. पुढे दिलेली व्होल्टेज ड्रॉपची चाचणी ते बरोबर पकडते.

कट-ऑफ स्विच आणि फ्यूज

पुढच्या बंपरवरच्या विंचला जाणारी लाल केबल गाडीच्या अगदी पहिल्या धक्क्याच्या जागेत असते. समोरून ठोकर बसली, केबल पत्र्याखाली चिरडली गेली, की बॅटरी थेट चासीला शॉर्ट. अशा वेळी दीड-दोन हजार अँपिअर सहज वाहू शकतात आणि केबलचं वेष्टण पेटायला फार वेळ लागत नाही. विंच महिन्यातून एखाद्या वेळी लागते. मग उरलेला सगळा काळ ती केबल जिवंत का ठेवायची?

म्हणून पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीच्या जवळ, कट-ऑफ स्विच, म्हणजे आयसोलेटर. यावर मी तडजोड करत नाही. त्याचा सततचा रेटिंग निदान ३०० अँपिअर असावा आणि थोड्या काळासाठीचा ५०० च्या वर. नुसतं ‘हेवी ड्युटी’ लिहिलेला, आकडा नसलेला स्विच परत ठेवून द्या. जागा निवडताना कल्पना करा, की विंच ओढतेय, बटण सोडलं तरी थांबत नाही आणि दोरी फेअरलीडकडे (ड्रमसमोर दोरीला वाट देणाऱ्या तोंडाकडे) सरकतेय. त्या क्षणी स्विचला हात पोचला पाहिजे, तोही ताणलेल्या दोरीसमोर न जाता. ओढताना बॉनेट बंद राहणार असेल तर बॉनेटखालचा स्विच कुचकामी. ग्रिलच्या कडेला, फेंडरजवळ किंवा केबिनमधून ओढता येणाऱ्या तारेवर चालणारा स्विच, यातलं जे गाडीला जमेल ते करा. एक ध्यानात ठेवा: भार चालू असताना डीसी स्विच उघडला की आत जोरदार ठिणगी होते आणि त्याचे कॉन्टॅक्ट झिजतात. तो आणीबाणीसाठीच. एरवी आधी बटण सोडायचं, मग स्विच बंद करायचा.

फ्यूजबद्दल मतभेद आहेत. बऱ्याच विंचसोबत फ्यूज येत नाही. कारण उघड आहे: कामाचा करंटच इतका मोठा, की छोटा फ्यूज ऐन वेळी उडेल आणि मोठा फ्यूज विंच जाम झाली तरी लगेच उडणार नाही. यावरून ‘फ्यूज नकोच’ असा निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही. फ्यूज मोटर वाचवायला बसवत नाहीत, केबलला आग लागू नये म्हणून बसवतात. दीड-दोन हजार अँपिअरच्या शॉर्टला ४०० किंवा ५०० अँपिअरचा एएनएल किंवा मेगा फ्यूज (मोठ्या करंटचे, बोल्टने बसणारे प्रकार) चटकन उडतो आणि तेवढंच त्याच्याकडून हवं असतं. बॅटरीच्या पोस्टपासून तो वीतभर अंतरावर असावा, कारण त्याच्या अलीकडच्या केबलला त्याचं संरक्षण नाही. ओढताना उडालाच, तर दोरी सुटत नाही. विंचचा स्वयंचलित ब्रेक भार धरून ठेवतो. तुम्ही फक्त अडकून बसता, म्हणून एक जादा फ्यूज गाडीत ठेवा. केबल केबिनमधून किंवा गाडीच्या पोटाखालून मागे जात असेल तर फ्यूज हवाच, तिथे मतभेदाला जागा नाही.

दिसायला देखणे, बटण दाबून परत चालू होणारे स्वस्त ब्रेकर मिळतात. ते भाराखाली तापतात आणि तापले की लिहिलेल्या आकड्याच्या बरेच आधी उडतात. मी ते टाळतो.

कंट्रोल बॉक्स

पुस्तिकेने परवानगी दिली असेल तर बॉक्स विंचवरून काढून बॉनेटखाली उंचावर बसवा. चिखल-पाण्याचा मार कमी होतो. फक्त मोटरकडे जाणाऱ्या केबली तेवढ्याच जाड ठेवा, मूळ केबल अपुरी पडते. बॉक्सचं भोक किंवा ड्रेन खालच्या बाजूला हवं. बॉक्समधून निघणारी एक बारीक काळी वायर कॉइलच्या अर्थिंगसाठी असते. ती सैल राहिली की रिमोट दाबल्यावर काहीच होत नाही आणि लोक मोटर खोलून बसतात.

थिंबल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एका जोडणीत एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, इतका जादा अडथळा राहिला तर ४०० अँपिअरला तिथे १६० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचा साधा आयर्न २५ ते ६० वॅटचा असतो. तसे तीन-चार आयर्न एकाच नटावर टेकवल्यासारखं आहे ते. केबल कितीही जाड घेतली तरी हे चुकत नाही.

केबलच्या जाडीचं आणि खिळ्याच्या मापाचं, एम८ किंवा एम१० जे असेल ते, शुद्ध तांब्याचं कथील चढवलेलं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवायची, खिळ्यासाठी भोक असलेली नळी, घ्या. केबल कापायला केबल कटर वापरा. हॅक्सॉने टोक विस्कटतं. थिंबलच्या नळीच्या खोलीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त वेष्टण सोला. पातं गोल फिरवताना आतल्या तारा तुटता कामा नयेत. तुटल्या तर ते टोक कापून पुन्हा सोला. आता थांबा. रबरी टोपी आणि हीट श्रिंक स्लीव्ह केबलवर सरकवलीत का? थिंबल दाबून झाल्यावर त्या आत जात नाहीत आणि नेमक्या तेव्हाच आठवतात.

तारा पिळू नका, सरळ आत सरकवा, अगदी तळाला टेकेपर्यंत. नळीला बघायचं भोक असेल तर त्यातून तांबं दिसलं पाहिजे. हायड्रॉलिक क्रिंपरमध्ये केबलच्या मापाचा षटकोनी डाय लावा आणि नळीच्या लांबीप्रमाणे दोन ठिकाणी दाबा. डाय मोठा असेल तर पकड सैल राहते, लहान असेल तर दोन्ही बाजूंना पातळ कान निघतात. हातोड्याने ठोकायचे क्रिंपर मिळतात, पक्कडीने चेपणारेही भेटतात, पण या करंटला दोन्ही नकोत. क्रिंपर नसेल तर केबलची मापं द्या आणि बॅटरी-केबल बनवणाऱ्याकडून करून घ्या.

पहिलं थिंबल नमुना म्हणून करा आणि ते हॅक्सॉने दाबलेल्या जागी आडवं कापा. कापलेला भाग बारीक पॉलिश पेपरवर घासा. आतल्या तारा वेगवेगळ्या दिसेनाशा होऊन तांब्याची एकसंध चकती दिसायला हवी. ठिपक्यांसारख्या काळ्या फटी दिसल्या, तर डाय किंवा दाब चुकलाय. एक थिंबल वाया गेलं तरी बाकीच्यांची खात्री पटते.

सोल्डर भरावं का, हा प्रश्न हमखास येतो. भरू नये. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथे केबल ताठ होते आणि धक्क्यांनी नेमकी त्याच रेषेवर तुटते. जोड फार तापला तर सोल्डर वितळतंही. नीट दाबलेल्या थिंबलला त्याची गरज नसते. वरून आत गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करा. कडेने गोंद जरासा बाहेर आला की आत पाणी जायची वाट बंद झाली.

केबल कुठून न्यायची

आधी सुतळीने मार्ग मोजा, मग केबल कापा. सायलेन्सरची मॅनिफोल्ड, टर्बो, रेडिएटरचा पंखा, स्टिअरिंगचे सांधे आणि सस्पेन्शन यांपासून लांब राहा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, तेव्हा त्याच्या जवळून जाणाऱ्या केबलला थोडी ढील ठेवा. पत्र्यातून जाताना ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं) हवाच. त्याशिवाय पत्र्याची कड हळूहळू वेष्टण कापते. पूर्ण लांबीवर कॉन्ड्युट (संरक्षक नळी) चढवा आणि साधारण वीतभर-दीड वीत अंतरावर रबर लावलेल्या क्लिपने बांधा. ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीला केबल बांधायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

जोडणीचा क्रम

गाडी बंद, चावी बाहेर, हातातली अंगठी आणि घड्याळ काढलेलं, डोळ्यांवर चष्मा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटं थांबा, नेमकी किती ते पुस्तिकेत असतं.

सुरुवात विंचच्या टोकाकडून करा. मोटरच्या खिळ्यावर खाली एक पातळ नट असतो, तो कारखान्यातून घट्ट केलेला असतो. थिंबल त्याच्यावर सपाट बसवा, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि वरचा नट. थिंबल आणि खालच्या नटामध्ये वॉशर घालू नका. करंट थिंबलमधून थेट खिळ्यात जायला हवा. आता महत्त्वाचं: खालचा नट पातळ पान्याने धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने वरचा आवळा. नुसता वरचा आवळला की अख्खा खिळा आत फिरतो, आतली तार पिळली जाते किंवा तिचं इन्सुलेशन फाटतं. मग मोटर खोलण्याशिवाय इलाज नाही. पुस्तिकेत टॉर्क दिला असेल तर तेवढाच द्या. तांब्या-पितळेचे खिळे जोर केला की मोडतात.

ए, एफ१, एफ२ खुणा बघून जोडा, मग मोटरची अर्थिंग, मग कंट्रोल बॉक्सची लाल केबल आयसोलेटरपर्यंत. आयसोलेटर बंद ठेवा. तिथून फ्यूजमार्गे बॅटरीची पॉझिटिव्ह. विंचची निगेटिव्ह त्यानंतर आणि गाडीची निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. प्रत्येक नट आवळून झाला की नट आणि खिळ्यावरून मार्करने एक आडवी रेघ ओढा. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, पण जोडणी घट्ट झाल्यावर वरून. मग रबरी टोप्या चढवा.

चालू करून बघताना

रिमोट न लावता आयसोलेटर चालू करा. मल्टिमीटरने निगेटिव्हच्या तुलनेत ए, एफ१, एफ२ मोजा. तिन्हीकडे शून्य यायला हवं. १२ व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्टर चिकटलाय किंवा जोडणी चुकलीय, पुढे जाऊ नका.

मग रिमोट लावून दोरी बाहेर सोडायचं बटण क्षणभर दाबा. दोरी खरंच बाहेर जातेय का? आत येत असेल तर रिमोटमधल्या वायरी उलटवून विषय संपवू नका. दोरी ड्रमवर उलट्या बाजूने गुंडाळलेली असू शकते, आणि बऱ्याच विंचचा ब्रेक एकाच दिशेचा भार धरतो. उलट गुंडाळलेल्या दोरीवर तो धरणारच नाही. दोरी आणि ए, एफ१, एफ२ दोन्ही पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहा.

आता खरी चाचणी. थोड्या चढावर, मोकळ्या जागी, दोरी भक्कम आधाराला बांधून गाडीलाच हळू ओढायला लावा. ब्रेक किंचित दाबून थोडा भार द्या. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, दुसरं कंट्रोल बॉक्सच्या पॉझिटिव्ह खिळ्यावर. दुसऱ्या टोकाला लांब वायर जोडा म्हणजे ओढताना दोरीजवळ उभं राहावं लागत नाही. ओढत असताना जो आकडा दिसेल तो त्या वाटेत वाया गेलेला व्होल्ट. हेच निगेटिव्ह बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह पोस्ट ते मोटरची अर्थिंग. सोबत डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर करंटही कळतो आणि हिशोबाशी ताळा करता येतो. मात्र घरातल्या वायरिंगचा नुसता एसी क्लॅम्प मीटर इथे काहीच दाखवणार नाही. ५० चौरस मिमी आणि बाजूला २ मीटर असेल तर २०० अँपिअरला प्रत्येक बाजूला ०.१५ व्होल्टच्या जवळपास केबलचे, त्यात स्विच, फ्यूज आणि थिंबलांचे थोडे. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी जोड खराब आहे. टोकं एकेक जोडणीच्या दोन्ही बाजूंना टेकवत जा, ती सापडते. थांबल्यावर लगेच प्रत्येक थिंबलला हात लावून बघा, आधी बोट जवळ नेऊन अंदाज घ्या. आजूबाजूच्या केबलपेक्षा एकच थिंबल गरम लागलं तर ते काढून पुन्हा करा. आलेले आकडे लिहून ठेवा.

दोरी पहिल्यांदा गुंडाळताना अशीच थोड्या भाराखाली गुंडाळा, नाहीतर वरचे वेढे खालच्यात रुततात. ओढताना ड्रमवर पोलादी दोरीचे निदान ५ आणि सिंथेटिकचे ८ ते १० वेढे शिल्लक राहिले पाहिजेत.

ओढताना वायरिंगचा विचार

इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, आरपीएम थोडं वाढवलेलं. अर्धा-एक मिनिट ओढा, मग थांबून मोटर आणि बॅटरीला श्वास घेऊ द्या. बॅटरीवरचं व्होल्टेज भाराखाली १० च्या आसपास आलं की थांबायची वेळ झालेली असते. भार जड वाटला तर पुली लावून दोरी दुहेरी करा. दोरीवरचा ताण जवळजवळ निम्मा होतो, करंटही बराच उतरतो, वेग तेवढा कमी होतो. वायरिंगसाठी पुलीइतकी स्वस्त मदत दुसरी नाही, तरी ती पिशवीतच राहते. ड्रमवर वेढ्यांचे थर जितके कमी तितकी ओढ जास्त, तेव्हा जमेल तितकी दोरी बाहेर सोडून ओढणंही त्याच हिशोबात बसतं.

कॉन्टॅक्टर चिकटून विंच थांबेना, तर आयसोलेटर बंद करा. विंचचा क्लच भाराखाली सोडायचा नाही. ड्रम मोकळा होतो आणि गाडी जाते त्या दिशेने. स्विच बंद झाल्यावर भार ब्रेकवर राहतो. चाकांना ओंडके-दगड लावा, मग काय करायचं ते ठरवा. असा चिकटलेला कॉन्टॅक्टर ठोकून सुटला तरी तो बदला. त्याचे कॉन्टॅक्ट खडबडीत झालेले असतात आणि तो पुन्हा चिकटतो.

काम झालं की आयसोलेटर बंद, रिमोट काढलेला. वायरलेस रिमोटचा रिसीव्हर थोडा थोडा करंट खात असतो, त्यालाही हा स्विच आवरतो. पहिल्या जोरदार ओढीनंतर सगळ्या नटांवरच्या रेघा तपासा, तांबं दबून बसलेलं असतं आणि एखादा नट पाव आटा ढिला सापडू शकतो. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडून वाळवा आणि महिन्यातून एकदा तरी दोरी थोडी आत-बाहेर करा, म्हणजे कॉन्टॅक्ट गंजत नाहीत. सहा महिन्यांनी व्होल्टेज ड्रॉपची चाचणी साधारण तेवढ्याच करंटला पुन्हा करा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी नवे लिहा. ०.१५ चे ०.३ झाले असतील, तर खोलायची ती बाजू तुम्हाला आधीच कळलेली असेल.